मेहंदीचा शनिवार

भामाच्या डोळ्याची पट्टी निघाली त्याच दुपारी तिचा फोन आला. मी भाताला फोडणी देत होते. गॅस बारीक करून फोन कानाला लावला, तर पलीकडून हॅलो नाही की काही नाही.

"सावे, माझे केस नारिंगी आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हो."

"तुझेपण असेच आहेत?"

"माझे जरा जास्त."

"आणि चतुरीचे?"

"तिचे पातळ आहेत, त्यामुळे तिच्यावर कमी दिसतं."

तिच्या घराखालचा बडी चावडीचा रस्ता मला फोनमधून ऐकू येत होता. ऑटोचे हॉर्न, कुणीतरी कुणाला हातगाडी मागे घे म्हणून ओरडत होतं. मग तिनं विचारलं, "कधीपासून?"

"झाली असतील सात-आठ वर्षं."

तिनं फोन ठेवला. माझी फोडणी जळली होती.

मोतीबिंदू काढल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. माझं ऑपरेशन भामाच्या आधी झालं. घरी येऊन पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा वाटलं, ही कोण बाई माझ्या मागे उभी आहे. गळ्याला इतक्या सुरकुत्या, गालावर डाग, वरच्या ओठावर मिशी म्हणावी इतकी लव. मग फळीवरची धूळ दिसली आणि मी आरसा सोडून फडकं घेतलं. मी कधीच देखणी नव्हते, त्यामुळे म्हातारपण मला स्वस्तात पडलं. भामाचं तसं नाही. भामा देखणी होती. नुसती बरी नव्हे, रस्त्यात सायकलवाल्यांची साखळी निसटावी इतकी देखणी. आणि मोतीबिंदू इतका सावकाश वाढतो की माणूस आरशात जे पाहतं त्यातलं अर्धं आठवणीतूनच येतं. भामाला इतकी वर्षं आरशात बहुतेक जुनीच भामा दिसत होती.

पण तिला सुरकुत्यांचं काही वाटलं नव्हतं. तिला लागले ते केस. त्याला कारण आहे.

आम्ही तिघी हैदराबादच्या मराठी शाळेत पहिलीपासून एका बाकावर. भामाचे वडील हिम्मतराव, परभणीकडची जमीन भावाकडे ठेवून बेगम बाजारात धान्याच्या व्यापाराला आलेले. चतुराचे वडील देवराव नांदेडहून आले आणि रेल्वेत लागले. आई-वडील दोघंही पहाटे कामाला जायची, म्हणून चतुरा शाळेत यायची ती केस पिंजारलेली, तेलाचा थेंब नाही. आमच्या बाईंना दोन वेण्या आणि वर लाल रिबिनी लागायच्या. नसल्या की मुलगी वर्गाबाहेर. चतुरा पहिला आठवडाभर बाहेरच होती. मग भामानं दप्तरात फणी आणायला सुरुवात केली. प्रार्थनेच्या आधी शाळेच्या पायरीवर बसून ती चतुराची वेणी घालायची. मला आई होती, वेणीही घालून मिळायची, पण मला हेवा वाटला. मी घरून निघाल्यावर कोपऱ्यावर माझी वेणी सोडायचे आणि पायरीवर रांगेत बसायचे.

हे भामाच्या आजीला कळलं. चतुराच्या डोक्याला हात लावला म्हणून आजीनं भामाला घरी गेल्या गेल्या अंगावर पाणी घ्यायला लावलं. भामानं घेतलं. दुसऱ्या दिवशी परत चतुराची वेणी घातली, परत घरी जाऊन पाणी घेतलं. हे वर्षभर चाललं. शेवटी आजी कंटाळली. "अख्ख्या वर्गात भामाइतकी स्वच्छ मुलगी नव्हती," असं चतुरा अजून म्हणते आणि भामा अजून तिला चापट मारते.

तर आमच्या डोक्यांवर भामाचा हक्क तेव्हापासूनचा. तिघींची लग्नं झाली, तिघी याच शहरात राहिलो. मी काचीगुड्याला, चतुरा नामपल्लीला, भामा बडी चावडीत. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा भामानं बेगम बाजारातून मेहंदी आणली आणि महिन्याचा पहिला शनिवार ठरवून टाकला. घरून डोकं धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. भामाकडे पाटावर बसायचं. ती आधी एक लेप लावायची, वाळला की धुवायचा, मग दुसरा. दुपार तिच्याकडेच जायची. केस काळेभोर निघायचे. ती काय कालवायची, पहिला लेप कशाचा, दुसरा कशाचा, आम्ही कधी विचारलं नाही. स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या हातचं खाताना आपण विचारतो का?

मग तिचे यजमान गेले. त्यानंतर काही महिने ती खोलीतून बाहेर पडली नाही. शनिवार तेवढा तिनं चुकवला नाही. त्याच सुमाराला एकदा आम्ही तिच्याकडून निघालो आणि सुलतान बाजाराच्या नाक्यावर, दुकानाच्या मोठ्या काचेत मला आमची दोघींची डोकी दिसली. मुळाशी केशरी, खाली विटकरी.

"चतुरे," मी म्हटलं, "हे काय निघालंय?"

तिनं काचेत पाहिलं. "तिला नीट दिसत नाही बहुतेक."

"सांगायचं?"

"आज नको."

ते आज नको इतकी वर्षं चाललं.

फोन आला त्याच संध्याकाळी मी भामाकडे गेले. तिच्या सुनेनं, अपर्णानं, दार उघडलं. भामा आतल्या खोलीत होती आणि त्या दाराला कडी होती.

"सकाळी हसत आल्या दवाखान्यातून," अपर्णा हळूच म्हणाली. "दुकानांच्या पाट्या वाचत आल्या रस्ताभर. मग आरशासमोर गेल्या. मला म्हणाल्या, तू तरी सांगायचंस. मला वाटायचं त्यांना लाल रंगच आवडतो. इथं किती बायका लाल लावतात."

मी दारावर टकटक केली. "भामे, मी आहे."

"माहीत आहे. चप्पल ओढत चालतेस."

"दार उघड."

"तुम्हाला माझी कीव आली," ती आतून म्हणाली. आवाज रडका नव्हता, अगदी सरळ होता. "आंधळी झालीय, काहीही फासते, फासू दे. कीव करणाऱ्या बायकांनी माझ्याकडे येऊ नये. चतुरीलापण सांग. शनिवार बंद."

"आणि रविवार?"

रविवारी तिच्या नातीचा, प्रियदर्शिनीचा, साखरपुडा होता. नामपल्लीला हॉल घेतला होता, मुलाकडचे पुण्याहून यायचे होते.

"रविवारी मी येत नाही. लोकांनी खूप वर्षं हसून घेतलं. पुणेकर राहिले असले तर त्यांनी दुसरं काही शोधावं."

मी आणखी थोडा वेळ थांबले, मग घरी आले.

शुक्रवारी प्रियदर्शिनीचा फोन. ती भराभर बोलते आणि निम्मं मराठी, निम्मं इथलं. "सावी आजी, आजीनं ऑपरेशनच माझ्या साखरपुड्यासाठी करून घेतलं ना. मला नीट बघायचंय म्हणाली होती. आता म्हणते फोटोत बघेन. मी पार्लरवालीला घरी बोलावलं तर तिला खोलीतपण येऊ दिलं नाही. मी म्हटलं, आजी, लाइट लेओ, इतकं मनाला लावून घेऊ नको, हा कलर लोक पैसे देऊन करून घेतात. तर माझ्याशीपण बोलत नाहीये." मग तिचा आवाज बारीक झाला. "ती नसेल तर मला अंगठी घालून घ्यायची नाहीये."

मी तिला म्हटलं, "येईल ती. तू तुझी साडी इस्त्रीला दे."

हे मी उगाच धीर द्यायला म्हटलं नव्हतं. बंद खोलीतल्या बाईशी वाद घालून ती बाहेर येत नाही. भामाला बाहेर काढणारी गोष्ट एकच होती आणि ती मला सहावं वर्ष लागल्यापासून माहीत होती. मी चतुराला फोन लावला.

"उद्या पहिला शनिवार," मी म्हटलं. "नेहमीसारखं डोकं धू."

"ती दार उघडणार नाही."

"धू आणि बांधू नकोस."

"म्हणजे?"

"मोकळे सोड. क्लिप नाही, रबर नाही, डोक्यावर पदर नाही. सुलतान बाजाराच्या नाक्यावर भेट. तिथून चालत जायचं."

चतुरा म्हणाली, "सावे, मी हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेय."

"मग कुणाची हिंमत आहे तुला बोलायची?"

"धम्मानंद मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेईल." धम्मानंद तिचा मुलगा.

"नेऊ दे. रविवारनंतर नेऊ दे."

शनिवारी अकराच्या सुमाराला मी नाक्यावर पोचले तेव्हा चतुरा ऑटोतून उतरत होती. तिनं पांढरी साडी नेसली होती, पायात बूट, हातात पर्स, आणि खांद्यांवर ते सगळे केशरी-विटकरी केस भुरभुरत होते. माझे तिच्याहून लांब. वारा होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि मी पटकन दुसरीकडे बघितलं, नाहीतर तिथंच हसत बसलो असतो.

सुलतान बाजारात शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. पण त्या दिवशी आम्हाला वाट मिळाली. एका बाईनं मुलीला जवळ ओढलं. साडीच्या दुकानातला माणूस हातातला पदर तसाच धरून बघत राहिला. बांगड्यांच्या गाडीवरचा म्हातारा, ज्याच्याकडून आम्ही निम्मं आयुष्य बांगड्या भरल्या, तो म्हणाला, "क्या अम्मा, बालाँ सुखाने निकले क्या?"

"हौ," चतुरा म्हणाली. "तुमकू क्या?"

"मेरेकू क्या, सुखाओ."

खरं सांगते, मला मजा आली. बाईमाणूस आयुष्यभर केस आवळत असतं. आधी आई आवळते, मग शाळा, मग सासर, मग आपणच. पंचाहत्तरी उलटल्यावर भर बाजारातून केस सोडून चालताना मला कळलं की लोक दोन मिनिटं बघतात आणि मग त्यांना रिक्षा पकडायची असते.

भामाचं घर पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे गॅलरी. अपर्णानं मला सांगितलं होतं की आठवडाभर कुणी नसलं की ती गॅलरीत येऊन बसते आणि नव्या डोळ्यांनी रस्ता बघते. तशी ती बसली होती. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. आम्ही कोपऱ्यावरून वळलो आणि ती उठून उभी राहिली.

"सावे," वरून आवाज आला. "बांध ते केस."

खालचा रस्ता वर बघायला लागला.

"रबर नाही माझ्याकडे," मी वर तोंड करून म्हटलं.

"चतुरीकडून घे."

"तिच्याकडेपण नाही."

"लाज नाही वाटत भर रस्त्यात? कुणी बघेल."

"सगळे बघतायत," चतुरा म्हणाली.

गॅलरीतून ती नाहीशी झाली. आम्ही जिना चढलो तेव्हा दार सताड उघडं होतं, मधोमध पाट मांडलेला आणि भामा हातात फणी घेऊन उभी होती. पदर खांद्यावर पडला होता. त्याचं तिला भान नव्हतं.

"बस," ती चतुराला म्हणाली.

चतुरा बसली. भामानं तिच्या केसांचा गुंता टोकापासून सोडवायला घेतला. थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

"इथं तुला टक्कल पडलंय."

"कुठं?"

"भोवऱ्याच्या खाली. रुपयाएवढं. आणि कानामागे चट्टा आहे. खाजतो?"

"कधी कधी."

"डॉक्टरला दाखव." तिनं चतुराची वेणी घातली, घट्ट, शाळेतल्यासारखी. मग मला खूण केली. मी पाटावर बसले आणि तिच्या गुडघ्यांना पाठ टेकली. तेव्हा तिनं विचारलं, "का नाही सांगितलंत?"

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून बोलणं सोपं गेलं.

"पहिल्यांदा तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हटलं. "तुझ्याकडे तेव्हा काही उरलं नव्हतं. पण ते दोन-तीन महिने. पुढं आम्ही आमच्यासाठी येत राहिलो."

"आपली डोकी अशी करून घ्यायला?"

"भामे, माझी सून चांगली आहे. चहा देते, गोळ्या देते. नातू वाकून नमस्कार करतो आणि पळतो. माझ्या डोक्याला हात लावणारं आता कुणी नाही. महिन्यातून एकदा तू लावतेस. मान धरतेस, सरळ बस म्हणून रागावतेस. तुला सांगितलं असतं तर तू बंद केलं असतंस, आता केलंस तसं. मला काळे केस नको होते. मला शनिवार पाहिजे होता. कीव म्हणायचीच तर माझी म्हण."

फणी तशीच थांबलेली. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"आणि मला रंग आवडतो," चतुरा म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

"खरंच. पेन्शनच्या कामाला गेलं की सगळ्या बायका सारख्या दिसतात. मला लांबून ओळखतात. वो लाल अम्मा आई बोलके पहिलं माझं काम करतात."

भामा हसली नाही. पण तिनं माझी मान धरून सरळ केली आणि विंचरायला लागली. मग आत हाक मारली, "अपर्णा, मेहंदी भिजवलीस का?"

अपर्णा दारात आली. "तुम्हीच म्हणालात ना, आता कधी लावणार नाही."

"डबे आण."

अपर्णानं दोन स्टीलचे डबे आणून ठेवले. भामानं एक उघडला, मग दुसरा. दोन्ही उचलून गॅलरीच्या उजेडात नेले. चिमूटभर एकातून, चिमूटभर दुसऱ्यातून, दोन तळव्यांवर घेऊन तिनं पाहिलं आणि नाकाशी नेलं.

"हा दुसरा डबा कुणी भरला?"

"मीच भरते," अपर्णा म्हणाली. "तुम्हाला बेगम बाजारात जायला जमेनासं झालं तेव्हा म्हणालात, दोन्ही डबे भरून आण. दोन्हीत हिरवी पूड होती. मी मेहंदी आणली दोन्हीत. तेव्हापासून तसंच."

"आणि भिजवतेसपण तूच. चहाच्या पाण्यात."

"हो. तुम्ही म्हणालात तसं. का, काय झालं?"

"दुसऱ्यात वस्मा असतो गं."

"काय असतो?"

"वस्मा. निळीच्या पानांची पूड. पहिल्यांदा मेहंदी, ती धुतली की वर वस्मा, मग काळे होतात. तू मला मेहंदीवर मेहंदी देत होतीस." भामा पाटाशेजारी जमिनीवर बसली, दोन्ही डबे मांडीवर. "आणि चहाच्या वासात मला कळायचं नाही. म्हणजे माझा हात चुकत नव्हता."

"हात कधी चुकला तुझा," चतुरा म्हणाली. "डोक्यावरचं केशरी सगळ्या बाजूंनी सारखं आहे."

अपर्णा रडायच्या बेताला आली होती. "मी आत्ता जाते बेगम बाजारात. ऑटोनं जाऊन येते. संध्याकाळपर्यंत काळे होतील तिघींचे. उद्या कुणाला काही कळणार नाही."

भामानं डबे बंद केले. मला वाटलं आता ती हो म्हणणार. मीसुद्धा मनात साडीबरोबर काळे केस लावून पाहिले.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात आण. उद्या अशाच जाऊ."

"अशाच?" मी विचारलं.

"इथल्या सगळ्यांनी इतकी वर्षं पाहिलेलंच आहे. नवीन फक्त मला कळलंय. उद्या एकदम काळे करून गेले तर म्हणतील, डोळे आले आणि भामाबाई घाबरली." मग ती अपर्णाकडे वळली. "उभी काय राहिलीस? प्रियूला फोन करून सांग मी येतेय, आणि माझी जांभळी साडी काढून ठेव. आणि या दोघींना जेवायला वाढ. सकाळपासून वेड्यासारख्या फिरतायत."

रविवारी हॉलमध्ये आम्ही तिघी पहिल्या रांगेत बसलो. भामानं आमच्या दोघींचे अंबाडे सकाळी स्वतः घातले होते आणि वर मोगरा. पांढरा मोगरा केशरीवर फार उठून दिसतो, हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. प्रियदर्शिनीनं अंगठी घातली तेव्हा भामा पुढं वाकून बघत होती, तिची बोटं, नखं, कानातले, मुलाच्या शर्टाचं बटण. सगळं ती हळू आवाजात आम्हाला सांगत होती, जणू आम्हालाच दिसत नव्हतं.

जेवणाच्या वेळी मुलाची आत्या आमच्याजवळ आली. पुण्याची, सिल्कची साडी, काळेभोर केस. तिनं आम्हा तिघींच्या डोक्यांवरून नजर फिरवली, आधी एकीच्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या.

"इकडे असाच रंग लावायची पद्धत आहे का हो?" तिनं विचारलं.

माझा घास हातात राहिला. चतुरानं टेबलाखाली माझा पाय दाबला.

"इकडे नाही," भामा म्हणाली. "फक्त आम्हा तिघींत. मी लावते. या दोघींचे मीच करते, पहिलीपासून."

"असं होय," आत्याबाई म्हणाल्या.

भामा डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत होती. आता गरज नव्हती, पण सवय. "तुमच्या कानाच्या पाळीवर काळं लागलंय," ती म्हणाली. "घरी लावलात ना रंग? थांबा." तिनं रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं, एका हातानं आत्याबाईंची हनुवटी धरून मान वळवली आणि दुसऱ्या हातानं कानामागचं पुसायला लागली.

"अहो, राहू दे, मी करते," त्या म्हणाल्या.

"हलू नका," भामा म्हणाली.

आणि आत्याबाई, भर मांडवात, सिल्कच्या साडीत, मान वाकडी करून मुकाट्यानं उभ्या राहिल्या.